तिच्या सहीवरचं माझं अक्षर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सांगायला कोणी होतं असंही नाही म्हणा — एकच माणूस होतं, आणि हे नेमकं तिच्याबद्दलच आहे. मग सांगणार कोणाला? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून जमतंय. समोर बसून कोणी डोळ्यांत बघितलं असतं, तर मी उन्हाचा विषय काढून चहा ठेवायला उठले असते.

गोष्ट तशी लहान आहे. एक कागद, तीन खुणा, खाली एक सही. पोलिसात जाण्यासारखं काही नाही. कोणाला सांगितलं तर म्हणतील, एवढंच ना? — आणि तेच मला ऐकायचं नाही, म्हणूनही कदाचित गप्प राहिले असेन.

माझं नाव कुंदा. नागपूरच्या बाहेर, वर्धा रोडच्या बाजूला मोठमोठी गोदामं उभी राहिली आहेत, त्यातल्या एकात मी पॅकिंग लाइनची इन्चार्ज आहे. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं — दुकानदारांच्या ऑर्डरीप्रमाणे खोक्यात भरायचं, टेप मारायची, पुढे सरकवायचं. अठरा टेबलं, अठरा बाया, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच, आणि सगळं उभ्यानं. लाइनवर स्टूल ठेवायचं नाही असा आमच्याकडचा नियम आहे. बसलं की हात सुस्तावतो, असं मॅनेजर साहेबांचं म्हणणं. हे ते स्वतः ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीत मागे रेलून म्हणतात, ते असो.

इन्चार्ज व्हायच्या आधी पाच वर्षं मीही त्याच लाइनवर उभी होते. शेजारच्या टेबलावर पंचफुला. आम्ही दोघी एकाच आठवड्यात लागलो. ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, मूळची खापरखेड्याची. नवरा तिथल्या पॉवर स्टेशनवर मजुरीला होता. तो वारला, मुलगी तिथल्याच वसाहतीत दिली, आणि जावयाच्या घरी राहायचं नाही म्हणून ही नागपुरात येऊन महाल भागात भाड्याच्या खोलीत राहू लागली. कंपनीची बस आधी महालच्या चौकातून यायची आणि मग नंदनवनात माझ्याकडे. रोज ती खिडकीची जागा माझ्यासाठी पिशवी ठेवून अडवायची आणि त्यावरून रोज कोणाशी तरी भांडायची.

माझ्या घरी तेव्हाही कोणी नव्हतं. नवऱ्याने मला सोडलं की मी त्याला, यावर नातेवाइकांत दोन मतं आहेत. मूलबाळ नाही. आई होती तोवर घरात आवाज होता, ती गेल्यावर टीव्ही. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे मैत्रिणी जमायच्या आणि गळायच्या. पंचफुला तेवढी गळली नाही. मी टाकून बोलले की ती म्हणायची, ‘झालं का तुह्यं बोलून? आता डबा उघड.’

मग मला इन्चार्ज केलं. का, तर मी बारावी झालेली, इंग्रजी वाचता-लिहिता येतं. आमच्याकडचे सगळे कागद इंग्रजीत. पंचफुलाचा हात माझ्या दुप्पट चालायचा, पण ती चौथी पास. मराठी बोट ठेवून वाचायची, सही तेवढी घोटून घोटून सुंदर केलेली. ती रुसेल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने डब्यात शिरा आणला, आणि अख्ख्या लाइनला सांगितलं, ‘आपली कुंदा मॅडम झाली वं!’ त्या दिवसापासून सगळ्या मला मॅडम म्हणू लागल्या. नावाने हाक मारणारी ती एकटी उरली.

वर्षभरातच तिचे गुडघे गेले. गेले म्हणजे — सकाळी ठीक असायचे, दुपारपर्यंत सुजून घट्ट व्हायचे. ती टेबलाच्या कडेला पोट टेकवून पाय आळीपाळीने उचलायची. तक्रार नाही. तक्रार केली तर बाया पुरवणारा कंत्राटदार उद्यापासून येऊ नका म्हणतो, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

तेव्हा मी एक युक्ती काढली. चार नंबरच्या शटरजवळ रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे बांधून ठेवतात. पुरुषभर उंच थप्प्या. त्यांच्या मागे कॅमेरा पोचत नाही. तिथे मी एक प्लास्टिकचं क्रेट उलटं ठेवलं. दुपारी चारच्या सुमाराला मी लाइनवरून जाताना मोठ्याने म्हणायचे, ‘पंचफुलाबाई, पुठ्ठे मोजून या.’ ती जायची. दोन मिनिटांनी हातात वही घेऊन मी जायचे. ती क्रेटवर बसून गुडघे चोळायची आणि मी थप्पीला टेकून पहारा द्यायचे. दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत आम्ही काय काय बोललो! मुलीकडची खबर, घरमालकिणीच्या कटकटी, भाजीत काय घातलं. मी तिथेच तिला माझ्या नवऱ्याचं खरं सांगितलं, जे दोन्ही मतांत बसत नाही. सकाळी उठल्यापासून मी त्या चार वाजण्याकडे डोळे लावून असायचे. आता विचार करते — तिला बसता यावं म्हणून मी ते करत होते? की मला बोलता यावं म्हणून? तेव्हा दोन्ही एकच वाटत होतं.

एकदा आम्ही सापडता सापडता वाचलो. मॅनेजर साहेब अचानक त्या बाजूला आले. मी पुढे होऊन त्यांना अडवलं, म्हटलं, पुठ्ठे ओले झालेत, तेच बघतेय. त्यांना संशय आलाच. लाइन सोडून इथे काय करता, पुन्हा दिसलात तर इन्चार्जगिरी काढून घेईन, असं चारचौघांत बोलले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. थप्पीच्या मागे पंचफुला श्वास रोखून बसली होती, तिने सगळं ऐकलं. त्यावर ती कधी काही बोलली नाही. मीही दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा म्हटलं, पुठ्ठे मोजून या. मला तर त्यात उलट एक मोठेपणा वाटत होता.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी ती यंत्रं आली.

कुठल्या तरी कंपनीने महिनाभर वापरून बघायला दिली होती. अंगावर घालायची. दोन प्रकार होते. माल चढवणाऱ्या पुरुषांसाठी कमरपट्टा — पाठीला आणि मांडीला बांधायचा, आत स्प्रिंग, वाकलं की ताणते आणि उठताना वर ओढते. आणि आमच्या लाइनसाठी सहा पायखुर्च्या. खोक्यावरचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं, पायखुर्ची हे बायांनी ठेवलेलं. दोन काळ्या दांड्या, पायांच्या मागून जाणाऱ्या, कमरेला, मांड्यांना आणि बुटांना पट्ट्यांनी बांधायच्या. चालताना त्या तुमच्याबरोबर चालतात. थोडं मागे रेललं की टक् असा आवाज होऊन गुडघ्याशी अडकतात, आणि तुम्ही चक्क हवेत बसता. दाखवायला आलेला माणूस असा आमच्यासमोर काही नसताना बसला, तेव्हा दोन-तीन बायांनी पदर तोंडाला लावला.

मी मनात म्हटलं, अरे बाबांनो, अठरा स्टुलं आणली असती तर! पण स्टूल म्हणजे आराम आणि यंत्र म्हणजे प्रगती. कोण बोलणार?

पुरुषांचं चार दिवसांत आटोपलं. जमिनीवरून उचलून ठेवायला पट्टा बरा, ते कबूल करत होते, पण शिडी चढताना अडकायचा, आणि नागपूरच्या उन्हात पत्र्याखाली पाठीवर घामोळ्यांचं शेत पिकायचं. पट्टे खिळ्यांना लटकले ते लटकलेच. आमच्याकडे निराळीच पंचाईत. ते बनवणाऱ्याने साडी नावाची वस्तू आयुष्यात पाहिली नव्हती. साडीवरून मांडीचा पट्टा बांधणार कसा? ड्रेस घालणाऱ्या चौघींनी घालून पाहिलं. जड आहे, गरम होतं, बाथरूमला जायचं तर पाच पट्टे सोडा आणि पाच बांधा, सुट्टी मिळते सात मिनिटांची. त्या तरुण होत्या, त्यांचे गुडघे शाबूत होते. आठवड्याच्या आत त्यांनीही सोडलं.

पंचफुला त्या रविवारी इतवारीच्या बाजारात गेली, दुकानदाराला ‘पोरासाठी पायजे’ असं सांगून एक पुरुषी ट्रॅकपँट घेऊन आली. तिला मुलगा नाही. सोमवारी बसमधून साडीत उतरली, बाथरूममध्ये बदलून, वर कंपनीचा लांब ॲप्रन घालून बाहेर आली. पन्नाशी ओलांडलेली बाई, कपाळावर गोंदण, आणि खाली निळी पँट पांढऱ्या पट्ट्यांची. सगळ्यांत पहिल्यांदा हसले ती मी. मग अख्खी लाइन. ती टेबलापाशी आली, पट्टे आवळले, मागे रेलली. टक्. ‘हासा वं, हासा,’ ती म्हणाली, ‘बसून कोण राहिलं, ते पाहा.’

तिला ते लागू पडलं. यात काही शंका नाही, मी रोज बघत होते. वाकून उठताना तिचा चेहरा आवळायचा, तो आवळेनासा झाला. संध्याकाळी ती बसच्या पायऱ्या एकटी उतरू लागली, एरवी माझ्या खांद्यावर हात असायचा. खोकी वाढली. मांडीला पट्टा काचून लाल वळ उठले होते, तिथे ती खोबरेल लावायची आणि वर जुनं धोतर फाडून गुंडाळायची. एवढा खटाटोप माणूस उगाच करतं का?

पहिल्या दिवशी चार वाजता मी सवयीने म्हटलं, पंचफुलाबाई, पुठ्ठे मोजून या. ती जागेवरूनच म्हणाली, ‘आता काहून? मी तं बसलीच आहे.’ बाया हसल्या. मीही हसले.

आता पुढचं सांगायला जड जातंय. फिरून फिरून मी यंत्राचंच सांगतेय, तुमच्या लक्षात आलं असेल. — दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वही घेऊन थप्पीमागे गेले. एकटीच. क्रेट तिथेच होतं. दहा मिनिटं उभी राहिले. कोणाची वाट बघत होते मी? ती येणार नाही हे ठाऊक होतं. मग मी स्वतःच त्या क्रेटवर बसले. पलीकडून लाइनवरचं हसणं ऐकू येत होतं. पंचफुला आता सगळ्यांच्या मधोमध बसलेली असायची, आणि तिच्याभोवती बाया. तिला ‘महाराणी’ म्हणायच्या, तिच्या दांड्यांवर टकटक करायच्या. थप्पीमागे मला सांगायची ते किस्से ती आता अख्ख्या लाइनला सांगत होती. मी जवळ गेले की मॅडम आल्या म्हणून सगळ्या कामाला लागायच्या.

असे पंचवीस दिवस गेले. मी रोज चार वाजता क्रेटवर जाऊन बसायचे. हे वाचताना हसू येईल, पण मला त्या दोन काळ्या दांड्यांचा सवतीसारखा राग यायचा.

महिना संपला. यंत्रवाल्यांचे कागद आले — जिने वापरलं तिचा एक-एक. इंग्रजीत. उपयोग झाला का, त्रास काय, पुढे हवं का, अशा खुणा करायच्या, खाली शेऱ्याला दोन ओळी आणि सही. मॅनेजर साहेब मला म्हणाले, जिला खरंच फायदा आहे तिच्यापुरतं एखादं ठेवून घेऊ, कागद बघून सांगा. नीट वाचा हे वाक्य. मोडता कोणी घातला नव्हता. एक पायखुर्ची ठेवायची त्यांची तयारी होती. मलाही तेव्हा ते स्वच्छ ऐकू आलं होतं.

त्या चौघींनी सांगितलं तसे त्यांचे कागद भरले. नको, नको, नको, नको. पंचफुलाचा कागद जेवणाच्या सुट्टीत घेतला. तिला वाटलं, ही मोठी कामाची गोष्ट आहे. हात धुऊन, तोंड पुसून ती माझ्यासमोर बसली, आणि म्हणाली, ‘मी सांगून राहिली, तू लिही. एकही गोष्ट सोडू नको.’ आणि मग ती बोलत राहिली. थांबून, आठवून, बोटं मोडत. तिने काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. त्यात माझंही नाव आलं होतं. ते शेवटी सांगते — आत्ता हात पुढे जात नाही.

मी मान हलवत होते आणि लिहीत होते. उपयोग — नाही. त्रास — फार. पुढे हवं का — नाही. शेऱ्याच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं, काम करणं अवघड जातं, नको. तिचं बोलणं लांब आणि माझं लिहिणं आखूड, म्हणून तिला कळू नये यासाठी पेन मी उगाच कागदावर तसंच फिरवत राहिले, अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवत. मग कागद तिच्यापुढे केला. तिने चष्मा लावला. ज्यातलं अक्षरही तिला कळत नव्हतं त्या कागदाकडे जरा वेळ कौतुकाने बघितलं, आणि खाली आपली ती सुंदर सही केली.

रागाच्या भरात झालं असं नाही. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं. मला तेव्हा एवढंच वाटत होतं, की ही पुन्हा माझ्याकडे यावी.

चार दिवसांनी यंत्रवाले येऊन सगळं खोक्यात भरून घेऊन गेले. पंचफुलाने पट्टे सोडले, ॲप्रनच्या टोकाने दोन्ही दांड्या पुसल्या आणि त्या माणसाच्या हातात दिल्या. मला म्हणाली, ‘आपण तं लिहून देल्लं होतं. आपल्या लिहिण्यानं काय होते वं? मोठ्या लोकांचं त्यायच्या मनानं चालते.’ वर माझ्याच पाठीवरून हात फिरवला. माझा पडलेला चेहरा तिला दुःखाचा वाटला होता.

त्या दुपारी चार वाजता मी म्हटलं, पंचफुलाबाई, पुठ्ठे मोजून या. आणि ती आली. क्रेटवर बसली, गुडघे चोळू लागली, मुलीची खबर सांगू लागली. आणि मला आनंद झाला. खूप. घरी जाताना मी चौकातून जिलेबी घेतली आणि एकटीने सगळी खाल्ली. वाईट नंतर वाटलं, ते सगळ्यांनाच वाटतं. आनंद झाला होता, हे मला सांगायचं आहे.

तीन महिने. तेवढेच मिळाले मला. महिनाभर बसायची सवय लागलेल्या गुडघ्यांना दहा मिनिटं पुरेनात. पाय पोळीसारखे फुगायचे. मी दहाची पंधरा मिनिटं केली, दिवसातून दोनदा केली. मनात येत होतं, साहेबांकडे जावं, सांगावं की कागद चुकला, ते यंत्र परत मागवा. एक फोन लागला असता. पण कागद का चुकला, हे सांगावं लागलं असतं. मी गेले नाही.

एके दिवशी ती क्रेटवरून उठूच शकली नाही. मी काखेत हात घालून ओढतेय, ती दात आवळून रडतेय, आणि तेवढ्यात शटरवरच्या सिक्युरिटीवाल्याने पाहिलं. मग साहेब आले. त्यांनी काही विचारायच्या आत पंचफुलाच म्हणाली, ‘मीच येऊन बसली साहेब. मॅडम मले उठवाले आली होती. तिले माहीत नव्हतं.’ साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो, मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कंत्राटदाराने तिला बंद केलं. महिन्याभरात तिने महालची खोली सोडली आणि ज्या जावयाच्या दारी राहायचं नव्हतं तिथेच राहायला गेली. बसमध्ये खिडकीची जागा मला आता मिळत नाही. मी उभीच असते बहुतेक वेळा.

मागच्या हिवाळ्यात एकदा खापरखेड्याला गेले होते. वसाहतीतली दोन खोल्यांची जागा, दोरीवरच्या कपड्यांवर पॉवर स्टेशनच्या चिमणीची बारीक राख. पंचफुला पडवीत खुर्चीवर बसली होती. दिवसभर ती तिथेच असते, मुलगी उठवून आत नेते. मला बघून तिचा चेहरा असा काही फुलला, की मला आल्या पावली परत फिरावंसं वाटलं. मुलीने भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मी जेवायला बसले, तेव्हा पंचफुला मुलीला म्हणाली, ‘हे कुंदा नसती तं मी एक साल बी टिकली नसती. माह्यासाठी थे रोज खोटं बोले. अशी मानसं भेटत नाही.’ मुलीने माझ्याकडे बघून हात जोडले. आणि मी काय केलं? मी म्हटलं, अहो, त्यात काय. आणि अजून एक भाकरी मागून घेतली.

निघताना तिने विचारलं होतं, ‘थ्या मशीनीचं काय झालं वं? कोणाले भेटली?’ मी म्हटलं, कोणालाच नाही. तेवढं एक मी त्या दिवशी खरं बोलले.

ती अजून दर रविवारी फोन करते. कधी मी उचलते, कधी वाजू देते. उचलला तर ती एकच विचारते, जेवली का. मी हो म्हणते. तिचा कागद ऑफिसच्या कपाटात हिरव्या फाइलमध्ये आहे, चावी माझ्याकडेच असते. कधी काढून बघत नाही. सही तिची आहे आणि त्याच्या वरचं सगळं माझं.

जे लिहायचं होतं ते मी इथे लिहिते. तिने सांगितलं होतं तसं.

‘लिही. मशीन वजनदार आहे. गरम होते. मांडीले काचते, तेल लावा लागते. लघवीले जायचं तं पाच पट्टे सोडा लागते, म्हणून मी पाणी कमीच पेते, हे बी लिही. साडीवर होत नाही, तं बायकायसाठी बनवा लागते तं बायकायले इचारून बनवा म्हणा. झालं? आता हे लिही का संध्याकाळी मी बसमधून कोणाचा हात न धरता उतरते. घरी जाऊन उभ्यानं पोळ्या करते. रात्री गुडघे ठणकत नाही, झोप लागते. ठेवलं तं लई उपकार होतीन. आनखीन एक लिही. माह्यापायी आमच्या कुंदाले रोज खोटं बोला लागे. साहेब तिले सगळ्यायसमोर बोलले, मी तिथंच मांगं बसली होती, मले मेल्यावानी झालं. तिची नोकरी माह्यापायी जाईन, हा भेव मले रोज होता. आता नाही. आता मी माह्या जागेवर बसते आन् थे तिच्या जागेवर सुखात राहते. मशीनीचा सगळ्यात मोठा फायदा लिहायचा तं हाच लिही. लिहिलं का सगळं? बरं. दाखव, सही कुठं करू?’